शुल्कवाढीचा जाब अधिसभेत विचारा



महागाईबरोबर महाविद्यालयीन शुल्कही वाढणारच, हे म्हणणे मान्य. पण वाढीव पैसा कुठे जातो, हे विचारायचे कोणी? २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अंदाजपत्रकाबाबत विद्यापीठाच्या अधिसभेला (सिनेटला) प्रमुख प्राधिकरण मानले आहे. तरीही मुंबई विद्यापीठात अधिसभेतील पदवीधरांच्या १० जागांची निवडणूक ऑगस्ट २०२३मध्ये ऐनवेळी स्थगित झाली आणि मतदानाला सप्टेंबर २०२४ उजाडला. अधिसभा म्हणजे पक्षांचा आखाडा, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण आखाडा बंद ठेवून हिशेब चोख होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. वसई-विरारच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे कालिना संकुल गाठायलाच लोकलच्या गर्दीत दिवस मोडावा लागतो. त्याच्या वतीने अधिसभेत बोलणारे कोणी हवेच. इथल्या पदवीधरांनी निदान मतदार नोंदणी तरी करावी.

– एक पदवीधर, नालासोपारा