अश्रू कुणाचे?

‘ईआर’ या अमेरिकी मालिकेतला १९९५ सालचा ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा भाग आजही वाखाणला जातो. गरोदर बाईचा धोक्याचा रक्तदाब डॉ. ग्रीन ओळखत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग समजून तिला घरी पाठवतात. पुढे बाळ वाचतं, आई जाते. शेवटी रेल्वेत एकटे रडणारे डॉक्टर दिसतात.

पण तान्हं बाळ घेऊन घरी जाणारा नवरा? त्याच्या रात्रीपर्यंत कॅमेरा जात नाही. डॉक्टरही माणूस असतो, हे दाखवलं ते बरंच केलं. मात्र चुकणाऱ्याचं दुःख हीच चुकीची सगळी किंमत ठरली, तर मेलेली बाई नायकाच्या जडणघडणीचं नुसतं साहित्य उरते. आपण प्रेक्षक मात्र डोळे पुसत क्षमा करून मोकळे होतो. ती क्षमा आपली नव्हतीच.