वाहिनीचं पूर्ण नाव काय?

दोस्तांनो, वर्गात दोन संदीप असले की बाई काय करतात? आडनावासकट हाक मारतात. नाहीतर एकाची शिक्षा दुसऱ्याला व्हायची!

विजेच्या वाहिन्यांचंही असंच असतं बरं का. वीजकेंद्रापासून गावोगावी पसरलेल्या वाहिन्यांच्या जाळ्याला म्हणतात ग्रिड. एखादी वाहिनी बंद केली तर काय होईल, हे खऱ्या ग्रिडवर करून बघणं धोक्याचं. म्हणून इंजिनिअर कॉम्प्युटरमध्ये ग्रिडची नक्कल तयार करतात. पण कॉम्प्युटरला प्रत्येक वाहिनी नेमकी ओळखता यायला हवी ना?

म्हणून पहिला नियम नावाचा. आधी विजेचा दाब, मग दोन्ही टोकांची गावं आणि शेवटी क्रमांक. उदाहरणार्थ, '४०० केव्ही बीना-ग्वाल्हेर-१'. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, म्हणजेच हजार व्होल्ट. आपल्या घरात असतात २३० व्होल्ट, इथे तब्बल चार लाख!

शेवटचा तो '१' किती मोलाचा, बघा. जुलै २०१२ मध्ये मध्य प्रदेशातली बीना-ग्वाल्हेर-२ कामासाठी बंद ठेवली होती. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास, भार फार वाढल्याने, क्रमांक १ सुद्धा बंद पडली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या वेळी तर ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. चूक नावाची नव्हती. पण नकलेत नुसतं 'बीना-ग्वाल्हेर' लिहिलं, तर दोन्हींपैकी कोणती चालू आणि कोणती बंद, हे कसं कळणार? आणि पुढचा धोका आधी कसा ओळखणार?

दुसरा नियम चिन्हाचा. बीनाहून ग्वाल्हेरला जाणारी वीज अधिक मानली, तर उलट येणारी उणे. काही सॉफ्टवेअरमध्ये दिलेली वीज अधिक असते, तर काहींत घेतलेली. एकातले आकडे दुसऱ्यात तसेच भरले, तर वीजकेंद्रच वीज खाताना दिसेल! म्हणून अधिक म्हणजे काय, हे आधीच लिहून ठेवायचं.

करून बघा : घरातल्या सगळ्या दिव्या-पंख्यांच्या बटणांचा नकाशा कागदावर काढा. खोली, वस्तू, क्रमांक अशी नावं द्या. मग तो कागद घरी आलेल्या पाहुण्यांच्या हातात द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्यांनी नेमका पंखा लावला, तर तुम्ही पास!