विजयेचे तेल

गांजाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे तावातावाने बोलू लागतात. एक म्हणतो, "शिव शिव! नाव काढू नका." दुसरा म्हणतो, "त्यात नवीन ते काय? विजया आमच्या वैद्यांना ठाऊकच होती." पहिल्याशी माझे फारसे भांडण नाही, व्यसनाने धुळीला मिळालेली घरे त्याने पाहिलेली असतात. भांडण आहे ते दुसऱ्याशी.

माझ्या आईला सांधेवात आहे. बोटे सुजली की तिला पोळी लाटता येत नाही, आणि सुजेवरच्या नेहमीच्या गोळ्यांनी पोटात आग पडते. म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून 'विजयेचे तेल' आणले. बाटलीवर तीस रोगांची नावे होती. आत काय आहे आणि किती, एवढेच तेवढे नव्हते. सूज होती तशीच राहिली. दुकानदार म्हणाला, "मास्तर, श्रद्धा ठेवा." श्रद्धा मी देवावर ठेवतो. तेलावर मात्रा लिहिलेली हवी.

१८३९ साली कलकत्त्यात ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने गांजाचा अर्क आधी जनावरांना व मग वातरोग्यांना देऊन पाहिला. एका रोग्याचे हात ठेवावेत तसे, मेणाच्या बाहुलीसारखे राहू लागले. म्हणजे दुखणे शमवावे तर माणूसच हातचा जातो! नशा काढून गुण तेवढा ठेवता येईल काय, हा खरा प्रश्न इथे, आपल्याच भूमीवर उभा राहिला होता. त्याचा पाठपुरावा मात्र परक्यांनी केला. १९६४ साली इस्रायलमध्ये मेशूलम आणि गाओनी यांनी नशेचे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्यासाठी लागणारा हशीश पोलिसांकडून मिळवला होता. पुढे कळले की या द्रव्याची शरीरात दोन कुलुपे आहेत. एक मुख्यतः मेंदूत, दुसरे मुख्यतः रोगाशी लढणाऱ्या पेशींवर. नशा पहिल्यातून येते. सुजेचा संबंध दुसऱ्याशी.

मी मॅट्रिक झालेला मास्तर. रसायनशास्त्र मला सांगायचे नाही. पण अमेरिकेत बर्स्टीन यांनी केलेली युक्ती माझ्या वर्गातल्या पोरांनाही कळेल. नशेच्या द्रव्याचे शरीरात एक आम्ल बनते व त्या आम्लाने नशा येत नाही. त्याच रेणूची शेपटी बदलून त्यांनी अजुलेमिक आम्ल घडवले. सांधे सुजवलेल्या उंदरांत त्याने सांध्यांची झीज आवरली. मग ते माणसांपर्यंत आले, आणि कातडी व आतले अवयव कडक करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिस या रोगावरच्या मोठ्या चाचणीत २०२० साली नापास झाले. औषध घेणारे आणि नुसती तशीच दिसणारी गोळी घेणारे, यांत म्हणावा तसा फरक पडला नाही.

विजयावाले हसतील. हसोत. "आमचे औषध चालले नाही" असे जगाला कळवण्याची पाळी त्यांच्या बाटलीवर कधी आली आहे काय? नापास व्हायला परीक्षेला बसावे लागते. आणि कायद्याची सबब सांगू नये. १९८५ च्या कायद्याने गांजाला बंदी केली, तरी औषध व संशोधनासाठी परवान्याची वाट ठेवली आहे. भांगेची पाने तर त्याच्या व्याख्येबाहेरच आहेत.

ती बाटली अजून आमच्या फडताळात आहे. आई ते तेल दाराच्या बिजागरीला घालते. बिजागरीची कुरकुर थांबली, हे मात्र प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.