आधी रंग, मग अक्कल

इंग्लंडमध्ये जुनं घर घेणाऱ्या आपल्या मंडळींचा क्रम ठरलेला असतो. आधी किचन, मग लाकडी फ्लोअरिंग, मग रंग, मग वास्तुशांत आणि फोटो. पहिल्या कडाक्याच्या थंडीत कळतं की हॉल तापतच नाही. मग प्लंबर येतो आणि नव्याकोऱ्या फळ्या उचकटून खाली पाइप शोधतो. याला हे लोक नूतनीकरण म्हणतात. मी याला पैसे जाळणं म्हणतो, आणि तेही ऊब न मिळता.

रेडिएटर कधी बदलायचा, हे रंगाऱ्याच्या तारखांवर ठरत नाही. खोलीतून किती उष्णता बाहेर जाते आणि रेडिएटरमध्ये किती गरम पाणी येणार, यावर ठरतं. खिडक्या बदलायच्या आहेत, माळ्यावर इन्सुलेशन पडायचं आहे, तर पहिला आकडा अजून हातात आलेलाच नाही. मग सेलमध्ये रेडिएटर कसले उचलता? दुसरा आकडा त्याहून दगाबाज. रेडिएटरवर छापलेले वॅट हे पाणी सरासरी ७० अंश आणि खोली २० अंश धरून काढलेले असतात. हीट पंप बसवलात आणि पाणी ४५ अंशांनी आत जाऊन ४० अंशांनी परतलं, की २००० वॅटचा रेडिएटर जेमतेम ७०० वॅट देतो. हीट पंपाचं अनुदान २०२३ च्या ऑक्टोबरात ७,५०० पौंडांवर गेल्यापासून आधी यंत्र बुक करून मग भिंतीकडे बघणारे वीर मी पाहतो आहे.

'आम्ही गॅसच ठेवणार' म्हणणाऱ्यांनीही हसू नये. तुमचा कंडेन्सिंग बॉयलर परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली आलं तरच कंडेन्स करतो. म्हणजे मोठे रेडिएटर तुम्हालाही हवेत.

पैसे कमी असतील तर बॉयलर थांबू द्या, रेडिएटर आधी. मोठा रेडिएटर जुन्या बॉयलरवर मजेत चालतो. छोटा रेडिएटर नव्या हीट पंपावर नुसता कोमट होऊन बसतो. हे उघड आहे, पण फिटर सांगत नाही. तो म्हणतो, 'होता तेवढ्याच मापाचा लावतो.' हिशेब मागितला की अनुभवाची वर्षं मोजून दाखवतो. २०२२ च्या जूनपासून इंग्लंडचे बांधकाम नियम सांगतात की सगळी यंत्रणा बदलताना, शक्य असेल तिथे, ती ५५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी आखा. त्याच्या अनुभवात हे साल आलेलं दिसत नाही.

पाइप टाकायचे ते जमीन उघडी असताना, गिलाव्याच्या आधी. रेडिएटर टांगून, पाणी सोडून गळती बघायची, उतरवून मागची भिंत रंगवायची, परत टांगायचा. जुन्या पाइपांतला काळा गाळ नवा बॉयलर जोडण्याआधी धुऊन काढायचा. आणि हे सगळं मे ते सप्टेंबरात. पण नाही, आमचे लोक डिसेंबरात सिस्टीम रिकामी करतात, पाहुण्यांच्या अंगावर शाली टाकतात आणि वर सांगतात, यंदा इंग्लंडची थंडीच फार वाईट हो!