कचेरी आणि कात्री

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत कचेरींतील कायमची नोकरी सोडून केशकर्तनालय काढिलें. त्याचे वडील आमच्यापाशीं येऊन अक्षरशः रडले. मुंजीच्या दिवशीं नापित वेळेवर न आल्यास आपला जीव कासावीस होतो; पण तेंच काम आपल्या मुलानें करावयाचें म्हणजे कुलक्षय! बेळगांवांत १८८८ सालीं निघालेल्या सायकलींच्या दुकानासाठीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं पुढें मुंबईची मास्तरकी सोडिली, हें आपण कौतुकानें सांगतों. ते आपले चिरंजीव नव्हते, एवढेंच.

आमची काळजी निराळी होती. मुलाच्या नोकरीस चार वर्षें व दोन महिने झाले होते. कायमच्या नोकरींत कायद्यान्वयें ग्रॅच्युइटीस पांच वर्षें लागतात. दहा महिने थांबता, तर दर वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन पदरीं पडतें. “गुरुजी, तोंवर दुकानाची जागा राहिली नसती,” तो म्हणाला. यावर आम्हांस कांहीं बोलतां येईना. मग खुर्चीवर बसलों. केंस त्यानें उत्तम कापिले. पैसे मात्र घेईना, तेव्हां रागें भरून ते घ्यावयास लाविले.

तेथून परभारें त्याच्या वडिलांकडे गेलों व टोपी काढून बसलों. ते पुष्कळ वेळ पाहात राहिले. “मानेवरचें काम स्वच्छ आहे,” एवढेंच म्हणाले.