रेडिएशनचं कवच : भीती कुणाची, धंदा कुणाचा?

मोबाइलला चिकटवायचं स्टिकर, गळ्यात घालायचं लॉकेट, गरोदर बाईनं पोटावर बांधायचा पट्टा. 'रेडिएशनपासून संरक्षण' देणाऱ्या या वस्तू आता शहरातल्या दुकानांपुरत्या राहिलेल्या नाहीत. आमच्या कामाच्या भागात त्या बचत गटांच्या बैठकांपर्यंत पोचल्या आहेत. एका गटापुढे तर सरळ प्रस्तावच आला : स्टिकर ५०० रुपयांना विका, त्यातले १०० रुपये तुमचे. तेव्हा मैत्रिणींनो, प्रश्न दोन आहेत. या वस्तू आपण घ्याव्यात का? आणि आपल्या गटांनी त्या विकाव्यात का? माझं उत्तर दोन्हींना 'नाही' असं आहे. ते का, हे इथे मांडते.

मोबाइल चालतो रेडिओलहरींवर. एक्स-रेसारखे किरण पेशींमधल्या रेणूंची मोडतोड करू शकतात. मोबाइलच्या लहरींत तेवढी ऊर्जाच नसते. त्यांचा ठामपणे सिद्ध झालेला परिणाम एवढाच, की शरीराचा जवळचा भाग किंचित तापतो. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या लहरींचा समावेश 'कर्करोगाला कदाचित कारण ठरू शकतील' अशा गटात केला. विक्रेते हा दाखला हमखास देतात. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे मात्र सांगत नाहीत. पुरावा अपुरा आहे, शोध चालू ठेवा, असा त्या गटाचा अर्थ. शोध चालू राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनंच करवून घेतलेला एक मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही.

तरीही कुणाच्या मनात शंका राहील. राहू दे. पण मग स्टिकर ती शंका फेडतं का? टॉवरशी बोलायचं तर फोनला लहरी सोडाव्याच लागतात. स्टिकरनं त्या पुऱ्या अडवल्या तर फोनच लागणार नाही. अर्धवट अडवल्या तर टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावेल, म्हणजे लहरी वाढतील. अमेरिकेतला ग्राहकसंरक्षणाचं काम पाहणारा केंद्रीय व्यापार आयोग हेच बरीच वर्षं सांगतो आहे. अशा पट्ट्या विकणाऱ्या दोन कंपन्यांवर त्यानं २००२ साली कारवाईही केली. नेदरलँड्समध्ये २०२१ साली तपासणी झाली, तेव्हा 'फाइव्ह-जीपासून बचाव' करणाऱ्या दहा वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या! त्यात लॉकेटं होती आणि लहान मुलांचं एक ब्रेसलेटही होतं.

आपणही मागे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली चिप लोकांसमोर आणली आणि तिच्यामुळे मोबाइलचं रेडिएशन कमी होतं असं सांगितलं. शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. चिप शेणाची असो नाहीतर परदेशी धातूची, विचारायचं एकच : मोजून कुणी दाखवलं?

या जाहिरातींतली बाई बघा. ती बहुधा गरोदर असते, नाहीतर कडेवर मूल असतं. ग्रहणात विळी धरू नकोस, सुईत दोरा ओवू नकोस, नाहीतर मूल व्यंग घेऊन येईल, असं आपल्या आयांना सांगितलं गेलं. आता तेच आधुनिक भाषेत सांगतात आणि वर पैसे मागतात. मुलाला काही झालं तर दोष आईचा, हे सूत्र जुनंच.

या भीतीला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. २०१९ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या काही गावांत ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदी घातली. तिथे रेडिएशनचा विषय नव्हता. पण हात तोच. 'तुझ्याच तब्येतीसाठी सांगतोय' म्हणत फोन काढून घेणं तर आणखी सोपं. मार खाणाऱ्या बाईला ११२ फिरवायला हातात फोन लागतो, हे आपण विसरून चालणार नाही.

आणि खरे धोके? त्याच पाहणीत ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, आणि दहातल्या चार घरांत अजून स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत नव्हता. फोनच्या लहरींबद्दल शंका आहेत. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब होतात याबद्दल शंका नाही. पण धूर आणि रक्तक्षय यांवर पाचशे रुपयांचं स्टिकर निघत नाही. त्यासाठी रेशन, गॅस आणि दवाखाना यांसाठी भांडावं लागतं.

'ताई, शंभर रुपये कोण देतं आम्हाला?' असं गटातली एक बाई मला म्हणाली. तिचा प्रश्न खोटा नाही. घरकामाचे चार पैसे मिळवताना कंबर मोडते, तिथे बसल्या जागी मिळणारं कमिशन मोठंच वाटणार. पण ती कुणाला विकणार? शेजारणीला, नणंदेला, गटातल्याच मैत्रिणीला. माल फसवा निघाला की कंपनीचा माणूस दिसणार नाही, शेजारीण मात्र रोज दारात भेटेल. एकमेकींवरचा विश्वास हेच आपल्या गटांचं भांडवल आहे. ते शंभर रुपयांना देऊ नये.

काळजी घ्यायचीच तर ती फुकट घेता येते. लांब बोलायचं असेल तर स्पीकर लावा किंवा इअरफोन वापरा. फोन उशाखाली ठेवू नका. रेंज कमी असताना फोन जास्त जोर लावतो, तेव्हा बोलणं थोडक्यात आटपा. आपल्या देशात २०१२ पासून फोनसाठी प्रति किलो १.६ वॅट अशी मर्यादा आहे. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक फोनवर त्या फोनचा आकडा दिसतो. पुढच्या बैठकीत सगळ्या जणी मिळून हे करून पाहा. भीती निम्मी तिथेच उतरते.

विक्रेता आला तर त्याला तीन गोष्टी मागा : स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल, पक्कं बिल आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तुमच्या गटापुढे असा प्रस्ताव आला असेल तर त्यांची पत्रकं फेकू नका, जपून ठेवा. एकटीची तक्रार बाजूला पडते. दहा गटांनी एकत्र दिली, तर तिची दखल घ्यावीच लागेल.