मंडळी आणि सभासदांचे वर्तन

मंडळीने आपल्या सभासदांच्या वर्तनास नियम घालून द्यावेत की नाही, या प्रश्नावर आमच्याकडील ख्रिस्ती घराघरांतून दोन पक्ष दिसून येतात. वडील माणसे म्हणतात, शिस्त उरली नाही म्हणून मंडळी निस्तेज झाली. तरुण म्हणतात, रविवारी उपासनेस येणे एवढाच आमचा मंडळीशी संबंध. घरात आम्ही कसे वागतो हे विचारणारे पंच कोण? आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले शिकतात, आणि जातपंचायतीच्या जाचाच्या गोष्टी त्यांतील पुष्कळांच्या कानांवर आलेल्या असतात. तेव्हा हा विषय केवळ ख्रिस्ती वाचकांचा आहे असे कोणी समजू नये.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ साली ठाणे घातले आणि १८३३ साली येथे पहिली मंडळी स्थापन झाली. योगायोग असा की, त्याच १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांस पत्र लिहून, जातिभेद ख्रिस्ती समाजातून समूळ गेला पाहिजे, असे निक्षून कळविले. तंजावर व मद्रासकडे पूर्वीच्या मिशनऱ्यांनी जातीला सवलत दिली होती. उपासनेच्या वेळी निरनिराळ्या जातींचे ख्रिस्ती लोक वेगवेगळे बसत. बिशपांचा हुकूम प्रसिद्ध होताच कित्येक कुटुंबे मंडळी सोडून गेली. आमच्या नगरच्या मंडळीत ही सवलत नव्हती. १८३९ साली हरि रामचंद्र खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ येथे ख्रिस्ती झाले, तेव्हा महार समाजातून आलेल्या बंधूंबरोबर एका मेजाशी प्रभुभोजन घेणे त्यांस ओघानेच आले. ज्या काळी या दोघांनी एका विहिरीवर पाणी भरणे अशक्य, त्या काळची ही गोष्ट आहे.

नियम नकोत असे म्हणणाऱ्यांस आमचे विचारणे इतकेच की, हा नियम वर्तनाचा नव्हता काय? कोणी कोणाबरोबर जेवावे ही ज्याची त्याची खासगी बाब, असे त्या वेळी मंडळीने म्हटले असते, तर दुबळ्याच्या बाजूने दुसरे कोण उभे राहिले असते? पुष्कळ वेळा ज्यास आपण स्वातंत्र्य म्हणतो ते बलवंताचे स्वातंत्र्य असते. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून सभेत आलेल्या मनुष्यास चांगली जागा आणि दरिद्र्यास पायांशी जागा देणाऱ्यांची जी कानउघाडणी आहे, तीही वर्तनाविषयीच आहे.

मात्र नियमाचे स्थान कोणते हे ओळखिले पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई पुढे पतीजवळ राहावयास आल्या तरी त्यांनी आपले सोवळे सोडिले नव्हते. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. त्यांवर कोणी सक्ती केली नाही. जात ही देवाची की माणसाची, याचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, सोवळे आपण होऊन टाकिले, आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचिली आहेत त्यांस हे ठाऊकच आहे. ज्या मुलांनी अद्यापि वाचिली नाहीत त्यांनी या सुटीत अवश्य वाचावी. मंडळीचा नियम प्रभूच्या मेजाशी होता, लक्ष्मीबाईंच्या चुलीशी नव्हता. जो आपखुषीने मेजाशी येतो त्यास तेथील रीत पाळावी लागते. जो आलेला नाही, त्याच्यासाठी थांबावयाचे असते.

आता शिक्षेचा प्रश्न. आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे पारनेर तालुक्यातील गाव दारूबंदीसाठी व पाणलोटाच्या कामासाठी देशभर नावाजले. तेथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने गावासाठी नियम केले आणि कित्येक संसार वाचले, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ऐकत नाहीत अशा मद्यप्यांस खांबाला बांधून मारण्यात येई, हेही जाहीर आहे. संसार वाचला ही मोठी गोष्ट खरी. तरी खांबाला बांधलेल्या बापाकडे त्याच्या मुलाने कोणत्या डोळ्यांनी पाहावे, हा विचार आम्हांस सुचल्यावाचून राहत नाही. मंडळीला हा मार्ग मोकळा नाही.

वाळीत टाकण्याचाही नाही. पूर्वीच्या मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले, आणि धर्मपंथास आपल्या सभासदास काढण्याचा अधिकार आहे असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ साली रद्द ठरविला. पुढे जातपंचायतींचा जुलूम चव्हाट्यावर आल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. तो २०१७ साली अमलात आला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमच्या मते ख्रिस्ती मनुष्यास या कायद्याचे भय वाटण्याचे कारण नाही. त्याचा आनंदच वाटावा. करिंथ येथील मंडळीस पौलाने एका दुराचारी मनुष्यास दूर करावयास सांगितले हे सर्वांच्या स्मरणात राहते. दुसऱ्या पत्रात, एका शासन झालेल्या मनुष्याला क्षमा करा, तो दुःखात बुडून जाऊ नये, असे तोच पौल लिहितो. ते मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

एका जुन्या दोषाविषयी स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. मिशनच्या काळी खेड्यातील ख्रिस्ती शिक्षकाची नोकरी, त्याच्या मुलांची वसतिगृहातील जागा आणि मंडळीतील त्याचा मान ही सर्व एकाच दोरीला बांधलेली असत. अशा मनुष्याने नियम पाळिला तर तो भक्तीने की भाकरीसाठी, हे त्याचे त्यासही सांगता आले नसते. पगार देणाऱ्याच्या हातून आलेली शिस्त ही मालकी होय. मिशनरी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन आमच्या मंडळ्यांचा कारभार येथील लोकांच्या हाती आहे. तेव्हा नियम करावयाचे ते आपणच, स्वतःसाठी.

कोणते करावेत? तंबाखू, सिनेमा, पोषाख यांवर ठराव करण्यात आमच्या वडिलांनी वेळ दवडू नये. त्या ठरावांनी मुले फक्त लपविण्यास शिकतात. आमच्या मते मंडळीने तीनच गोष्टी हाती घ्याव्यात. लग्न जुळविताना बापजाद्यांची जात हळूच विचारण्याची चाल आजही कानांवर येते; आमच्या पूर्वजांनी एका मेजाशी बसून जी मोडिली, ती आम्ही लग्नाच्या बैठकीत पुन्हा सांधतो, याहून लज्जास्पद ते काय? दुसरी गोष्ट हुंड्याची, मग त्यास भेट म्हणा की मदत म्हणा. तिसरी, दारूने बायकामुलांची उपासमार करणाऱ्याची. परंतु येथे ठरावापेक्षा चार शेजाऱ्यांनी त्याच्याकडे जाऊन बसणे अधिक उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे.

हे नियम प्रथम पाळक, वडील व पंच यांस लागू असावेत, आणि शिक्षकांसही. आम्ही स्वतःस वगळीत नाही. ज्याने मुलाच्या लग्नात हुंडा घेतला त्याने मंडळीत अधिकारपद धरू नये. दोष मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रमाने प्रथम एकांतात सांगावा, चावडीवर नव्हे. शिक्षा पदापुरती, फार तर काही काळ प्रभुभोजनापुरती असावी. तिची झळ मुलांच्या शाळेस, शेजाऱ्याच्या येण्याजाण्यास किंवा लग्नाच्या आमंत्रणास लागता कामा नये. आणि मनुष्य कसाही वागलेला असो, त्याच्या मृत्यूनंतर दफनभूमीत त्यास जागा देण्याच्या बाबतीत कोणत्याही पंचाचे मत विचारण्यात येऊ नये, असे मंडळीने आपल्या वार्षिक सभेत लेखी ठरवून ठेवावे.